मामाने रंगवलेला पत्ता
आमचा मामा पाट्या रंगवतो. छापील फ्लेक्स आल्यापासून काम नावापुरतं उरलंय, आणि उजवा हात आता थरथरतो. तरी आईच्या गाद्या-उशांच्या दुकानाची पाटी त्याने हट्टाने स्वतःच रंगवली. बारा दिवस लागले. प्रत्येक अक्षराआधी डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा. वर दुकानाचं नाव, खाली वेबसाइटचा पत्ता आणि अगदी कोपऱ्यात, नेहमीसारखी, करंगळीच्या नखाएवढी सही: दादा आर्ट्स. आई त्याला दादाच म्हणते, आणि तो तिला छोटी.

दुकान सोमवारी उघडणार होतं. शुक्रवारी मी त्या पत्त्याची नोंदणी करायला बसले, तर उत्तर आलं की हे नाव आधीच कोणीतरी घेतलंय.

"मामा, नाव हातात नसताना पाटीवर कसं लिहिलंस? बाजारात तुरी!" मी भडकलेच.

मामा ब्रश पुसायला लागला. मग म्हणाला, "एका नावाची दोन दुकानं असतात की."

"इंटरनेटवर नसतात. अख्ख्या जगात तो पत्ता एकाचाच. आधी नोंदवेल त्याचा."

"कायमचा?"

"नाही. वर्ष-दोन वर्षांसाठी घ्यायचा, मुदत संपायच्या आत वाढवायचा. विसरलं तर सुटतो, मग दुसरा कोणीही घेतो."

"म्हणजे भाड्याने. मग मूळ मालक कोण?"

खरं सांगते, इथे माझीही गाडी अडली. नोंदणी करून देणारी कंपनी वेगळी, सगळ्या नावांची यादी सांभाळणारी संस्था वेगळी, आणि वेबसाइट ठेवायची जागा तिसरीच. समजावता समजावता मीच गोंधळले. मामाने डोकं खाजवलं, तर पांढऱ्या केसांना पिवळा रंग लागला.

"पण त्या पत्त्यावर तर काहीच उघडत नाही," तो म्हणाला.

"काही लोक नावं नुसती अडवून ठेवतात. मग गरजूला विकतात."

"चोर मेले!" मामाचा चेहरा पडला.

नाव घेणाऱ्याची माहिती झाकलेली होती, पण त्याला निरोप पाठवायची सोय होती. मी मराठीतच लिहिलं. असलं नाव मराठी माणसाशिवाय दुसरं कोण घेणार? गरज कळली तर भाव वाढवेल, म्हणून स्वतःचं नाव न देता 'एक इच्छुक' एवढीच सही केली.

शनिवार कोरडा गेला. रविवारी सकाळी मामाने पातं उचललं.

"राहू दे ना, दादा," आई म्हणाली.

"तुझी गिऱ्हाइकं चोराच्या दारात धाडू? पत्ता खरवडून टाकतो."

त्या जागी नवी अक्षरं लिहायला हात साथ देणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. मामा शिडी घेऊन बाहेर गेला, आणि माझा फोन वाजला. उत्तर आलं होतं.

"नाव विकायचं नाही. ते माझ्या बहिणीचं आहे. परत विचारू नका. दादा आर्ट्स."

मी धावले. पातं पहिल्या अक्षराला टेकलं होतं.

"थांब! मामा, हे नाव तू घेतलं होतंस?"

तो ओशाळला. "सहा महिने झाले. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून. तो म्हणाला, नाव तुमचं झालं. घरी येऊन बघतो तर कोरं पान. पाटी लागली की तिच्याखाली दुकान दिसायला नको? म्हटलं, फसलो. लाजेने बोललो नाही. आणि आज सकाळी बघतो तर त्या चोराचा निरोप! नाव पळवलं ते पळवलं, वर माझ्याकडे विकत मागतोय!"

"तो चोर मी आहे, मामा. नाव तुझ्याकडेच आहे. पत्त्याची पाटी लागलीय, वेबसाइटचं दुकान मांडायचं राहिलंय."

मामा शिडीवरच बसला. बोटं मोजत त्याने हिशेब जुळवला.

"म्हणजे जगाच्या त्या यादीत छोटीच्या दुकानापुढे माझं नाव आहे?"

"हो."

"मग ते काढ. तिचं घाल." त्याने पातं खिशात ठेवलं आणि सहीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "माझं इथे कोपऱ्यात आहे, तेवढं पुरे."