घाटासाठी निवडलेले गिअर

जुन्या जीपला टर्बोचं इंजिन बसवलं, तेव्हा मागच्या एक्सलला कुठले गिअर घालायचे एवढंच ठरायचं राहिलं होतं. मला पुणे-नाशिक रस्त्यावर पळणारी गाडी हवी होती. कळंबचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, वेगाचे गिअर घातले तर घाटात टर्बो जागाच व्हणार न्हाई, चढाला गाडी दम टाकंल. तुमी जास्त जाता कुठं?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "माझ्या माहेरी. आन् तिथं लई चढ हाय."

तिची आई डोंगरावरच्या वाडीत एकटी राहायची. मिस्त्रीनं ओढीचे, म्हणजे वेग कमी पण चढाला ताकद जास्त देणारे, गिअर बसवले. सपाटीला आमची गाडी सगळ्यांच्या मागं राहायची आणि मी मनातल्या मनात कुरकुरायचो.

पुढं सासूबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. मंचरच्या दवाखान्यातून त्यांना घरी नेताना मागं गादी अंथरली होती. वळणावळणाच्या त्या चढावर इंजिन कुठं अडलं नाही, की एक हिसका बसला नाही. वाडीत पोचलो तरी त्या गाढ झोपेत होत्या. बायकोचे आणि मिस्त्रीचे मला तेव्हा फार उपकार वाटले. सासूबाईंना उठवायचं जिवावर आलं, म्हणून आम्ही दोघं थोडा वेळ तसेच गाडीत बसून राहिलो.