रवीपाशी म्हटलेलं इंग्रजी

माझी शाळा चौथीपर्यंतची. वेलांट्या चुकतील, ओळी उताराला लागतील, सांभाळून घ्यावं. वन्संना जाऊन महिना झाला. शेवटच्या सकाळी तापात त्यांचे ओठ हलत होते, आणि इतक्या वर्षांनीही मी आधी संशयानेच कान लावला... काही कळलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, गोदावरी. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच कुंकू पुसलं आणि त्या माहेरी आल्या. घरचं ताक घुसळणं त्यांच्याकडे. लढाईच्या दिवसांत धाकटे भावजी हिंगोलीच्या शाळेतून सुटीत येत आणि ओसरीवर बसून इंग्रजी मोठ्याने पाठ करत. ते परत गेले की वन्सं रवीचा दोर ओढता ओढता तेच पुटपुटत, “चर्न आउट... चर्न आउट.” नेमकं त्या उन्हाळ्यात लोणी धरेना. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटलं लेक मंत्र घालते. मलाही वाटलं. पहाटेची वेळ, परके शब्द, आणि मी जवळ गेले की गप्प होणं! शेजारणी आमचं ताक नेईनात. शेवटी आत्याबाईंनी वन्संच्या सासरी निरोप धाडला, तुमचं माणूस घेऊन जा. तिथे त्यांना गोठ्यात निजवत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरात शिकलेली बाई मीच, म्हणून वन्सं काय पुटपुटतात हे विचारायचं काम माझ्यावर आलं. मी रवीपाशी जाऊन बसले. वन्संच म्हणाल्या, “अगं, धाकटा पाठ करतो त्यातलं हाय. चर्न म्हंजे घुसळणं. त्याला आउट जोडलं की गिरणीवानी ढीगच्या ढीग माल काढणं. कापड म्हण, कागद म्हण. पर चांगल्या मालाला तसं म्हणत न्हाईत. जीव न लावता काढला, त्यालाच म्हणतात.”

मला पटेना. घुसळण्याला कुणी हलकं म्हणेल का? काहीतरी लपवतात, असंच वाटलं. म्हटलं, “मग रवीपाशीच काहून म्हणता?”

“दुसरीकडं बसू कोण देतं मला?”

हे सगळं मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांचाही विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रवीला बसल्या, ओठ घट्ट मिटून. उन्हं अंगणात आली तरी लोणी धरलं नाही. “मग आज मंत्र कुणी घातला?” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी दोर सोडला.

दोन दिवसांनी वन्संचे दीर गाडी घेऊन आले. न्यायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. म्हणाले, रांडमुंड बाया तर घरोघर हायेत, त्यातली एक आमच्याकडं पडून राहील.

आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “घरोघर असतील. माझी एकच हाय. गिरणीतून ढिगानं न्हाई काढली मी. गाडी फिरवा.”

त्या दिवसापासून भावजी सुटीत आले की आत्याबाई ओसरीवर त्यांच्या शेजारी वन्संसाठी पाट मांडू लागल्या. भावजी आता नोकरीला लागले, वन्सं गेल्या, तरी पाट रोज मांडला जातो. परवा शेजारीण सहज त्यावर टेकली, तर आत्याबाईंनी तिच्याकडे असं काही रोखून पाहिलं, की ती उठून खाली जमिनीवर बसली.