चित्रातल्या गाईची वसुबारस

ऐंशीच्या दशकात पहिली नोकरी लागली, तेव्हा शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. जिन्यात एक तैलचित्र होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा चित्रकाराचं. बाईंच्या आजोबांनी ते इंग्लंडहून आणलेलं. ओढा, गवताने शाकारलेलं घर, काठावर गाय आणि तिला लुचणारं वासरू. जुन्या वॉर्निशमुळे सगळं चहासारखं तपकिरी दिसायचं. बाई त्याला कुणाला हात लावू देत नसत.

पहिल्याच वर्षी मी आईला बोलावून घेतलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, ते आईने गाय पाळून दूध विकलं म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर चित्रातल्या गाईच्या कपाळावर ओलं हळदीकुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"वसुबारस आहे आज. तुझ्या शिकागोत गाय कुठे शोधू?"

"अगं, चित्र आहे ते!"

"मग नागपंचमीला पाटावर काढतो तो नाग काय खरा असतो?"

बाईंनी घर सोडायला सांगितलं तर? थंडी सुरू झालेली. आईला घेऊन दुसरी जागा कुठे शोधणार? त्याहून बाईंच्या आजोबांची आठवण बिघडली, हे जास्त लागलं. खाली जाऊन मी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावून चित्र निरखलं. "पाणी लावू नका," एवढंच म्हणाल्या आणि ते दुरुस्तीला नेलं.

रिकाम्या भिंतीपुढून जाताना आई मान खाली घालायची. "तिला काही झालं नसेल ना रे?" रोज विचारायची.

चित्र परत आलं. कुंकू वॉर्निशवरच राहिलं होतं, खालच्या रंगाला लागलं नव्हतं. ते काढताना तेवढ्या जागेचं वॉर्निश निघालं होतं आणि गाईच्या कपाळावर पांढरा ठिपका लख्ख दिसत होता.

बाई म्हणाल्या, "दुरुस्ती करणारा माणूस हे झाकून देणार होता. मीच नको म्हटलं. तिच्या कपाळावर चांद आहे, असं आजोबा सांगायचे. मला तो कधी दिसलाच नव्हता."

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने चित्राजवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "मग वासराचंही कपाळ पुसून घ्यायला सांग की त्यांना."

कितीतरी दिवसांनी मी पोटभर हसलो.