माझ्या टोमॅटोंवरची लव

माझी ही फजिती आमच्या नारपोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण जो तो आपापल्या परीने सांगतो आणि दर वेळी मला थोडी जास्त वेडी ठरवतो. म्हणून म्हटलं, मुळातली आपणच सांगून टाकावी. जेवढी वेडी झाले होते तेवढीच सांगते. कमी नाही, जास्त नाही.

आधी एक ऐका. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण शेत पाहिलंय. शेलार गावी बापाच्या शेतात भात, वाल, वांगी, टोमॅटो, सगळं या हातांनी केलं. आज तिथे गोदाम उभं आहे ते सोडा. मुद्दा काय, तर टोमॅटोच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. असं मी तेव्हा म्हणत होते. जरा जास्तच म्हणत होते.

थंडीच्या दिवसांत माझी नात मयुरी चार रोपं घेऊन आली.

"आजी, चेरी टोमॅटो आहेत. बारीक बारीक लागतात. यांची जात जरा वेगळी आहे, काय ते सांगू का?"

"टोमॅटोची जात मला तू सांगणार? माती, शेणखत, पाणी, झालं. जा, तुझा अभ्यास कर."

ती गेली. मी रंगाच्या रिकाम्या बादल्या गच्चीवर मांडल्या आणि रोपं लावली.

आता फुलं बघा. टोमॅटोचं फूल कसं असतं? पिवळं, चांदणीसारखं, पाच-सहा पाकळ्यांचं, नव्या सुनेसारखी मान खाली घातलेलं. माझ्या झाडांना पहिली फुलं आली ती झेंडूएवढी. तीन-चार फुलं घेऊन कुणी एकात एक शिवून टाकावीत, तशी. पाकळ्या मोजताना मी दोनदा चुकले. मनात म्हटलं, इथे काहीतरी काळंबेरं आहे.

मग फळं धरली. एक-दोन तर पाठीला पाठ लावून जोडलेली. बाकीची सुपारीएवढी, गोल, लाल, दिसायला छान. पण हात लावला तर काय? वर लव. तान्ह्या बाळाच्या कपाळावर असते ना, तशी पांढुरकी, बारीक लव. एक तोंडात टाकलं. चव गोड होती, पण जिभेला वाटलं, घोंगडी चाटतेय.

आणि लगेच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गच्चीला लागूनच सलीमचा कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. सूत घासून घासून जी बारीक रुई उडते, ती तुम्हाला नारपोलीत राहिल्याशिवाय कळायची नाही. पापड वाळत घाला, रुई. मिरच्या पसरा, रुई. सकाळी आरशात बघा, भुवया पांढऱ्या. त्यात दिवाळीनंतर सलीमने चार नवे लूम आणून अगदी आमच्या बाजूच्या खिडक्यांशी बसवले होते. आता यात विचार करण्यासारखं काय उरलं?

मी ओल्या फडक्याने टोमॅटो पुसले. लव निघेना. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासले. साल फाटली, लव तिथेच. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला काय वाटलं? रुई पार आत मुरली आहे.

गेले सलीमकडे. त्याला मी चड्डीत फिरताना पाहिलाय, त्यामुळे शेठबिठ मी म्हणत नाही.

"सलीम, तुझ्या लूमनी माझ्या झाडांची वाट लावली. फुलात रुई गेली, फुलं चिकटली. फळावर रुई बसली, फळाला मिशा फुटल्या."

"मावशी, रुई फुंकर मारली तरी उडते. ही कशी निघत न्हाय?"

"नव्या लूमची हाय. चिकट असंल."

"लूम नवीन आहे मावशी, सूत तर तेच आहे ना."

"मला शेतीतलं शिकवतोस का?"

त्याची आई आणि मी एका नळावर पाणी भरायचो, त्यामुळे माझा शब्द तो खाली पडू देत नाही. त्याने आमच्या बाजूच्या चारही खिडक्या बंद करून वर गोणपाट ठोकलं.

आता तो महिना एप्रिल. वर पत्रा, आत लूम, खिडक्या बंद. माणसं आत कपडा विणत होती की भाकऱ्यांसारखी भाजत होती, सांगता येत नव्हतं. पाचव्या दिवशी कारागीर बाहेर पायरीवर येऊन बसले. त्यांच्यातले सगळ्यांत जुने यासीनचाचा सलीमला सरळ म्हणाले, "शेठ, या तो खिडकी खोलो, या हम गाँव चले. ऐसे में ड्युटी नहीं होगी."

सलीम माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं.

"मावशी, माणसं चालली. लूम बंद पडतील. पाच दिवसांत फरक पडला का, तेवढं तरी सांगा."

फरक? खरं सांगते, नवी फळं आधीपेक्षा जास्त केसाळ होती. पण मागे हटायची सवय कुणाला आहे? मी वाटीभर टोमॅटो घेतले आणि कारखान्याच्या पायरीवर जाऊन सगळ्यांसमोर ठेवले.

"हे बघा. ही रुई न्हाय तर काय हाय?"

यासीनचाचांनी एक टोमॅटो उचलला. चाळीस वर्षं सुतात गेलेला माणूस. दोन बोटांत फिरवला, उजेडात धरला, मान हलवली.

"अभी पता चल जाएगा, आजी. कपास जले तो कागज की बू आती है, पॉलिस्टर जले तो प्लास्टिक की. आग झूठ नहीं बोलती."

त्यांनी काडी ओढली आणि टोमॅटोखाली धरली. सगळे वाकले. सलीम वाकला, मी वाकले, मागून मयुरी कधी येऊन वाकली कळलंही नाही. लव चुरचुरली, साल तडकली, टप्पकन रस उडाला. यासीनचाचांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"कागज?" सलीमने विचारलं.

"नहीं."

"प्लास्टिक?"

"नहीं. चोखा. भुने टमाटर का भरता." आणि मागे वळून म्हणाले, "अरे, कोई नमक लाओ."

पायरीवर जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. त्यात मयुरी हळूच म्हणाली, "आजी, या जातीलाच लव असते. आणि थंडीत पहिली फुलं कधीकधी अशी जोडून येतात. रोपं आणली तेव्हा हेच सांगत होते."

"मग जरा मोठ्याने सांगायचं होतंस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण चूक झाली की ती निस्तरायची, एवढी रीत मला आहे. स्टूल मागवलं, चढले, आणि चारही खिडक्यांवरचं गोणपाट माझ्या हातांनी उपटून काढलं. कारागिरांची माफी मागितली. यासीनचाचा म्हणाले, "माफी छोडो आजी, कल और टमाटर लाना." वारा आत शिरला, एकेक करत लूम धडधडायला लागले. वाटलं, चला, थोडक्यात निभावलं.

निघाले, तर सलीम दारात उभा. चेहरा गंभीर.

"मावशी, एक तक्रार होती. रागवू नका. कालपासून कपड्यावर बारीक लव दिसतेय. तुमच्या टोमॅटोंची उडून येत असंल का?"

आता कुणीही ओळखलं असतं की पोरगा टर उडवतोय. आणि मी? मी चष्मा लावला, दाराशी ठेवलेल्या कापडाच्या ताग्यावर वाकले आणि वीतभर वीतभर हात फिरवत लव शोधायला लागले.

दोन ठिकाणी मला ती सापडलीसुद्धा.