काकूंना वाकडी फांदी हवी होती

नेहाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "मीनलताई, आई गेली... सकाळी उठलीच नाही," एवढंच ती बोलली. झोपेत गेल्या, रस्त्यावर नाही, हे माझ्या मनात आधी आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

नेहाची आई, विमलकाकू, न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारी. लॅबमधून निवृत्त झाल्यावर त्या एका जपानी बाईंकडे इकेबाना, म्हणजे फुलांची जपानी मांडणी शिकू लागल्या. दोन फांद्या, एखादं फूल, बाकी मोकळी जागा. दुकानातल्या फांद्या त्यांना फार सरळ वाटत. म्हणून कात्री घेऊन त्या कॉलनीभर हिंडायच्या आणि मागे बादली घेऊन मी.

गेल्या मार्चमध्ये एका कुंपणाबाहेर आलेली वाकडी फांदी त्या कापत होत्या. कुणीतरी खिडकीतून पाहून फोन केला असावा. पोलिसांची गाडी थांबली. तरुण ऑफिसर उतरला, त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. "ड्रॉप इट," तो म्हणाला. काकूंना कमी ऐकू यायचं. कात्री हातात तशीच धरून, हसत त्या त्याच्याकडे वळल्या... मी ओरडले, "काकू, कात्री टाका!"

कात्री पडली. ऑफिसर नंतर नीट बोलला, सॉरीसुद्धा म्हणाला. घरी येईपर्यंत काकूंनी माझा दंड सोडला नाही. दारात म्हणाल्या, "मी त्याला कळी दाखवायला वळले होते गं."

त्यानंतर त्या पायी बाहेर पडेनात. बेल वाजली की आधी वरच्या खिडकीतून बघायच्या. मीही त्यांना धीर दिला नाही, उलट नकाच जाऊ म्हणायचे. क्लासला त्या दुकानातल्या सरळ फांद्या नेऊ लागल्या. ऑक्टोबरात मात्र एका दुपारी त्यांनी मला त्याच कुंपणाच्या घरासमोर गाडी थांबवायला लावली आणि एकट्या जाऊन बेल वाजवली. मी इंजिन चालू ठेवून बसले. दार उघडलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकून घेतलं, मान हलवली, दार लावलं. काकू परत आल्या.

"फांदी द्यायला नाही म्हणाले," सीटबेल्ट लावत त्या म्हणाल्या, "पण मी विचारलं."

महिन्याभरात त्या गेल्या.

काकूंचे दिवस झाल्यावर नेहाने मला बेसमेंटमध्ये नेलं. टेबलावर त्यांची शेवटची मांडणी होती. पाणी आटलेलं, शेवंती काळी पडलेली. मांडणी काकू स्वतःच मोडायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "आय कान्ट," नेहा म्हणाली, "प्लीज, तू काढ ना." मी हात पुढे केला... आणि मागे घेतला. तीन आठवडे झाले, मांडणी अजून तिथेच आहे.