शेवटच्या जोडाचं तेल

धाकट्या भावाचा अमडापुरात सत्कार झाला, त्या दिवशी मी दुकान मुद्दाम उघडं ठेवलं. तो नेव्हीतून रिटायर होऊन आला होता. सगळी नोकरी पाणबुडीत, हवेच्या मशिनी सांभाळण्यात गेलेली. चौकात शाल, नारळ, भाषणं चालू होती आणि इकडे मी एका टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हेड खोलून बसलो होतो. एक जण डोकावून म्हणाला, "भावाचा सत्कार अन् तू इथं काऊन बसला?" म्हटलं, "काम करून राह्यलो. कोणीतरी केलं पायजे."

खोटं कशाला बोलू, जळत होतो मी. कॉम्प्रेसरचं काम आम्ही दोघंही बाबांच्या हाताखाली शिकलो. थोरल्याचा हात चांगला, असं बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. पण बाबा थकले, दुकानात कोणीतरी हवं होतं, आणि थोरला मी. मी राहिलो, तो गेला. त्याच हवेच्या कामावर त्याने समुद्र पाहिला आणि मी मेहकरच्या पुढे फारसा गेलो नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मला माझ्याच घरात कळलं.

वर्षभरात त्याला नेव्हीचं पुन्हा कामावर बोलावणं आलं. समुद्रकाठी एक जुनी पाणबुडी संग्रहालय करून ठेवली होती. पाणबुडी टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलते, तेव्हा वर येते. ती हवा साठवायच्या जाड लोखंडी बाटल्या, नळ्या, व्हॉल्व्ह, सगळं गंजून बसलं होतं. त्यातली एक लाइन चालू करून तिच्यावर पाणबुडीचा भोंगा वाजवून दाखवायचा, असं ठरलं होतं. आठ दिवसांत तिथून त्याचा फोन. "दादा, व्हॉल्व्हचं नवं सामान कुठंच भेटत नाही. जुनंच हातानं घासून बसवा लागते. तुह्यासारखा हात इथं कोणाचाच नाही. येतं काय?"

दुसरा कोणी खूश झाला असता. मला वाटलं, आता मला हाताखाली घेतोय. तरी गेलो, कारण नाही म्हटलं असतं तर मायने जगू दिलं नसतं.

निघताना मायने बारकी बाटली हातात दिली, देवापुढच्या दिव्यातल्या तेलाची. आमच्या दुकानाची ती रीतच. मशीन दुरुस्त झाली की शेवटचा जोड आवळायच्या आधी बाबा त्या तेलात बोट बुडवून आट्यांना लावायचे, मगच पाना फिरवायचे. मीही लावतो. "तिथंही लाव बाप्पा," माय म्हणाली. "एवढं मोठं काम हाय."

बाराएक दिवस मी व्हॉल्व्ह घासले. घासायची खरखरीत पेस्ट लावायची, दोन तळहातांत व्हॉल्व्हची दांडी फिरवायची, पुसून बघायचं, परत फिरवायची. बसायच्या जागी चहूकडून सारखी राखाडी कडी उमटली की व्हॉल्व्ह झाला. तिथले फिटर माझ्या हाताकडे बघत राहायचे, पण काही विचारायचं असलं की धाकट्याकडे जायचे. तो 'सर' आणि मी 'सर के भैया'.

पहिल्याच दिवशी पिशवीतली बाटली पाहून तो चौघांसमोर म्हणाला होता, "दादा, इथं तेलाचा थेंब चालत नाही. एवढ्या दाबाच्या हवेत तेल गेलं की नळीतच भडका उडते. हातही साबणानं धुऊन ये." मी मुकाट्याने हात धुतले. मनात म्हटलं, वा रे वा, मला पाने उचलून देणारा आज मला तेल शिकवतो.

काम संपलं त्या दुपारी सगळे चहाला वर गेले. भोंग्याच्या लाइनचा शेवटचा जोड तेवढा राहिला होता. मी बाटली काढली, बोट बुडवलं, आट्यांना लावलं आणि जोड आवळून टाकला. बाबांची रीत, मायचा शब्द, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण एकच. त्याने नको म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर मांडव, खुर्च्या, साहेब लोक. खाली पाणबुडीत आम्ही दोघंच. हवेच्या बाटल्यांच्या व्हॉल्व्हजवळ तो उभा राहिला आणि तो जोड बरोब्बर त्याच्या छातीसमोर आला. "दादा, तू वर जाय," तो म्हणाला. "पहिल्या बारीले खाली एकटाच माणूस ठेवतेत. मी हावो इथं."

मी शिडीच्या दोन पायऱ्या चढलो. तो तेलाचं उगाच बोलला नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कामाच्या बाबतीत उगाच बोलायची सवय बाबांनी आम्हाला लावलीच नव्हती. मागे वळून पाहिलं तर व्हॉल्व्हचं चाक धरायच्या आधी तो तळहात पँटला पुसत होता, बाबा पुसायचे तसाच.

"थांब बे," मी म्हणालो. "त्या जोडाले मी तेल लावलं हाय."

त्याने हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. शिव्या देईल वाटलं, आणि द्यायलाच हव्या होत्या. त्याने पाना उचलला आणि जोड खोलायला घेतला. तेल आत नळीपर्यंत गेलं होतं. ती उतरवून, धुऊन, सुकवून परत बसवायला दोन तास लागले.

मधेच साहेब उतरले, उशीर का म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, एक जोड़ साफ करना मुझसे रह गया था. भैया ने पकड़ लिया."

साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मग भोंगा असा वाजला की कानठळ्या बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला पुढे ओढून शाल घातली.

दोघं घरी आलो तेव्हा मायने पहिलं हेच विचारलं, "शेवटच्या जोडाले तेल लावलं होतं ना?" मी चपला काढत राहिलो. तो म्हणाला, "हाव माय. दादानंच लावलं." मायने दिव्याला हात जोडले.

साहेबांना सांगितलेलंच त्याने गावातही सांगितलं. आता चौकात लोक थांबवून म्हणतात, तुम्ही होते म्हणून भाऊ वाचला. मी मान हलवतो. जळणं काही गेलं नाही, वाढलंच. नाव त्याचं होतं, समुद्र त्याचा होता. तिथली माझी म्हणावी अशी एक चूक तेवढी होती, तीही त्याने आपल्या अंगावर घेतली.