बराबरीची जोडी

कानाशी आलेला उष्ण श्वास, त्याला तिळाच्या रेवडीचा गोडसर वास, आणि त्या वासातून हलकेच आत शिरलेला एक शब्द: 'कैरी'. बालपणाच्या साऱ्या संचितातून एकच क्षण जवळ ठेव असं मला कुणी म्हटलं, तर मी हाच ठेवीन. खुलताबादच्या तटाला लागून असलेलं मोकळं पटांगण, मावळतीच्या तिरप्या उन्हात तांबूस झालेले दगड, वाऱ्याबरोबर येणारा गुलाबाचा आणि उदाचा मिश्र गंध, आणि माझ्या मानेभोवती हात टाकून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओठ अगदी कानाला भिडवून माझं गुप्त नाव सांगणारी नूर! तो श्वास मला इतक्या वर्षांनी, वैशाखातल्या एका सकाळी, औरंगपुऱ्यातल्या माझ्या घरात पुन्हा भेटेल, आणि तोही कॅनडातल्या फुटबॉलच्या निमित्तानं, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

आधी त्या फुटबॉलचं सांगते. माझ्या मुलीचा, मेघनाचा, मुलगा ईशान तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला. आणि वाढला म्हणजे किती! माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना त्याला तिरपं व्हावं लागतं. त्याचा फुटबॉल आपण समजतो तो नव्हे. त्यातला चेंडू लांबट, पपईच्या घाटाचा, आणि पायापेक्षा हातातच जास्त असणारा. ईशानची जागा पुढच्या ओळीत. समोरून धावून येणाऱ्यांना छातीवर झेलायचं, थोपवायचं, म्हणजे मागचा गडी चेंडू घेऊन पळू शकतो. "मग तू चेंडू धरतोस कधी?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आजी, मी धरला, तर काहीतरी चुकलंय असं समज." सारा वेळ दुसऱ्याची वाट मोकळी करायची आणि त्याला टाळ्या मिळाल्या की आपण सुखावायचं, असंही कुणी खेळत असतं का? मला तो खेळ कधी कळला नाही, पण त्या दिवसापासून आवडू मात्र लागला.

तिथल्या व्यावसायिक संघांची एक वार्षिक रीत आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून हे संघ पाळीपाळीनं आपापले गडी उचलतात. एकानं एक नाव पुकारायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं; फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. सारा देश ते टीव्हीवर पाहत असतो. ज्याचं नाव निघतं त्याच्या घरात आनंदाला उधाण येतं, आणि ज्याचं निघत नाही तो आपल्या घरात बसून इतरांची नावं ऐकत राहतो. या एका संध्याकाळसाठी ईशान शाळकरी वयापासून बर्फात धावत आला होता. खेळ हेच त्याचं आयुष्य व्हावं, एवढी एकच इच्छा त्यानं आजवर बोलून दाखवली होती, आणि ती पुरी होणार की नाही हे आता त्या पुकाऱ्यावर ठरणार होतं.

तिकडची संध्याकाळ ती आपली पहाट. नूर आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. तिचा मुलगा याच शहरात असतो, तीही त्याच्याजवळच, पण "पोराचं नाव निघतंय आन् मी घरी बसू व्हय?" असं म्हणून, दुखरे गुडघे सांभाळत, रिक्षा करून ती आली. ईशान इथं आला की तिच्या हातच्या खिचडा-सालनासाठी तिच्याकडेच मुक्काम ठोकतो. तिला 'नूर आजी' म्हणतो. मेघनानं आपला फोन तिच्या दिवाणखान्यातल्या फडताळावर उभा करून ठेवला होता, त्यामुळे आमच्या फोनमध्ये त्यांचा टीव्ही दिसत होता आणि टीव्हीसमोर बसलेला ईशान. तो मात्र पाठमोरा. चेहरा नाही, नुसती ती रुंद पाठ! आम्ही दोघी म्हाताऱ्या, खिडकीतून येणारा पहाटेचा गारवा अंगावर घेत, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या त्या एवढ्याशा फोनमधल्या पाठीकडे डोळे लावून बसलो.

गेल्या वर्षी जो संघ सर्वांत जास्त हरला, त्याला पहिलं नाव घेण्याचा मान असतो, हे मी नूरला समजावून सांगितलं. तिला ते फार आवडलं. "हारे हुए कू पहला मान? हे बरंय गं. सोचके बनाये इनो." मग बराच वेळ ती नावं ऐकत राहिली, आणि एकदम वळून म्हणाली, "पन सुधा, याची जोडी कोन?"

"इथं जोडी नसते, नूर. एकेकटंच असतं."

"एकेकटं? सबके सामने?" तिनं हातातला कप खाली ठेवला. "या अल्ला!"

'जोडी कोण' हा प्रश्न तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण ज्यानं आमच्या तटाखाली लगोरी खेळली आहे त्याला तो अगदी साहजिक वाटेल. आमच्याकडे गडी वाटून घेताना दोन कप्तान बाजूला उभे राहत. उरलेल्यांनी आपल्या तोडीचा गडी शोधून जोडी लावायची, गळ्यात हात टाकून लांब जायचं, एकमेकांच्या कानात कुजबुजून दोघांची दोन गुप्त नावं ठरवायची, आणि परत येऊन कप्तानाला नुसतं विचारायचं: कैरी पाहिजे का चिंच? तो नाव निवडे, माणूस मागून कळे. एक या संघात, दुसरा त्या संघात. किती शहाणी रीत होती ती! तोंड पाहून, बाप पाहून, गल्ली पाहून कुणाला घेताच येत नसे. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, तरी मोठ्या माणसांच्या बोलण्यात ती कालपरवा झाल्यासारखी असे. काही नावं निघाली की हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या ओसरीवर आवाज खाली येत. पटांगणात मात्र कैरी-चिंचेनं दोन्हीकडची पोरं अशी काही कालवून टाकलेली असत, की संघ कुणाचा हे आमचं आम्हाला सांगता येऊ नये.

अर्थात कुठलीही रीत आली की तिच्यातून पळवाटही येतेच. कप्तानानं 'कैरी' म्हटलं, की जोडीतल्या दोघांनी डोळ्यांनीच ठरवून ऐनवेळी नावं फिरवायची! ज्याला ज्या संघात जायचं असे तो बेलाशक तिकडे जाई, आणि विद्येची शपथ घालूनही कबूल होत नसे.

पण आधी जोडी तर लागायला हवी ना? जोडी लावणं म्हणजे 'ही माझ्या बरोबरीची आहे' असं चारचौघांत कबूल करणं. माझ्याशी ते कोण कबूल करणार? पोलिओनं माझा डावा पाय वाळवून टाकला होता. गडी वाटले जात तेव्हा मी तटाजवळच्या एका दगडावर बसून असे. सगळ्यांच्या चपला राखायचं काम माझ्याकडे होतं. कुणी मला हिणवत होतं असं नाही हो, उलट सगळे फार जपत. पण जपलं जाणं आणि घेतलं जाणं यांतलं अंतर त्या दगडावर बसून रोज संध्याकाळी मला मोजता येई, आणि घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडत असे.

नूर ही दर्ग्याजवळ रेवड्या आणि फुलं विकणाऱ्या चाचांची मुलगी, आणि सबंध खुलताबादेत तिच्याइतकं जोरात धावणारं कुणी नव्हतं. तिच्याशी जोडी लावायला पोरंपोरी धडपडत. एके दिवशी ती त्या सगळ्यांना ओलांडून माझ्या दगडापाशी आली आणि म्हणाली, "ऊठ." मानेभोवती हात टाकून तिनं मला लांब नेलं, कानात माझं नाव सांगितलं, आणि परत येऊन आम्ही दोघी कप्तानांसमोर उभ्या राहिलो. त्यातला बंडू ओरडला, "ए नूर, तिच्यासंगं कशी जोडी? तुझ्या तोडीची बघ की!"

"हीच हाय माझ्या तोडीची," नूर म्हणाली. "हमारी जोडी बराबर की है. बोल, कैरी का चिंच?"

बंडू बिचारा कैरी म्हणाला, आणि त्याच्या वाट्याला मी आले. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं! नूरनं तेव्हा डोळा मारला असता तर आम्हाला नावं फिरवता आली असती, पण ती मान ताठ करून पलीकडे गेली. पुढंही तिनं कधी नाव फिरवलं नाही. "जो नाम लिया वो लिया" हा तिचा खाक्या. इतर धावत, मी बसून लगोरीचे दगड रचत असे. त्या दिवशी आमचा संघ हरला. पण मी एकटी नव्हते हरले, आम्ही सगळे हरलो होतो, आणि त्या आनंदात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. यातली गंमत तुमच्या ध्यानात आली का? जी माझी जोडी, ती नेमानं पलीकडच्या संघात. सबंध बालपण माझी जिवाभावाची मैत्रीण माझ्याविरुद्ध खेळली, आणि पायाकडे पाहून तिनं एकदाही चेंडू हळू मारला नाही. पाठीवर वळ उठत. ते वळ मी आईला मोठ्या अभिमानानं दाखवत असे.

पुढं मी शिकले, या शहरातल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं मराठी वाङ्मय शिकवलं, संसार केला, नवऱ्यामागं एकटीनं घर सांभाळलं. 'हे सगळं कुणाच्या बळावर?' असं लोक विचारतात. आईवडिलांचे उपकार आहेतच, गुरुजनांचेही आहेत. पण खरं सांगू? प्रत्येक नव्या दारात पाऊल टाकताना मला तटाखालचं ते वाक्य ऐकू येई, आणि माझा डावा पाय आपोआप पुढं पडे. नूरचे मी आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

इकडे औरंगपुऱ्यात दुकानांची शटरं उघडू लागली, ऊन खिडकीतून आत आलं, आणि तिकडे फेऱ्यांमागून फेऱ्या सरत राहिल्या. आधी ताठ असलेली ती पाठ हळूहळू वाकू लागली. त्याच्याच ओळीत त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्या मित्राचं नाव निघालं, तेव्हा ईशाननं टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, ते पाठीवरूनही कळत होतं. नूरची माळ बोटांतून सरकत होती, मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. शेवटचं नाव पुकारलं गेलं. ते ईशानचं नव्हतं. कुणीतरी सगळ्यांचे आभार मानले आणि मेघनानं टीव्ही बंद केला.

"आई, ठेवू का फोन?" तिनं विचारलं.

"ठेवू नको," नूर म्हणाली. "पोराला इकडं फिरव."

ईशान वळला. डोळे लाल झालेले. "सॉरी, आजी," असं त्यानं म्हटलं.

"सॉरी काइकू?" नूर कडाडली. "तुझी जोडीच लागली नवती, मंग नाव कसं निघंल?"

त्याला काही कळेना. मी अडखळत त्याला आमची रीत सांगितली: जोडी, कानातली नावं, कैरी आणि चिंच. तो लहान मुलासारखा ऐकत राहिला. माझं सांगून होताच नूर म्हणाली, "माझी जोडी तुझ्यासंगं. बराबर की है."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सत्तरी उलटलेली, काडीसारख्या मनगटांची, भिंत धरल्याशिवाय उठता न येणारी ही बाई! "मी तुमच्या बरोबरीचा, नूर आजी?" असं म्हणताना तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

"हौ. कोन नाय म्हनतं?" मग माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "ही कप्तान."

मी जन्मात कधी कप्तान झाले नव्हते. नूर भिंत धरून उठली, फोन घेऊन गॅलरीत गेली, आणि माझ्याकडे पाठ करून त्या फोनला ओठ लावून काहीतरी कुजबुजली. परत येऊन तिनं फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला आणि माझ्यासमोर ताठ उभी राहिली.

"बोल, सुधा. डोंगर का ढग?"

"डोंगर," मी म्हटलं.

ईशान गोंधळून नूरकडे पाहत राहिला. "ऊठ ना, बेटा," ती म्हणाली, "तुझं नाव निघालं." तेव्हा तिकडे खुर्ची करकरली. तो उठला, पडद्यात डावीकडून चालत मी बसले होते त्या कडेला आला, आणि तो एवढासा फोन त्याच्या खांद्यानं भरून गेला. मागं मेघना रडत होती आणि हसत होती. नूर मात्र नेहमीसारखी पलीकडच्या संघात उभी होती.

ईशानचं पुढं काय होईल, मला ठाऊक नाही. नाव न निघालेल्यांनाही एखादा संघ सरावाला बोलावतो म्हणे. बोलावलं तर जाईन, असं तो म्हणाला, आणि भूक लागली म्हणून जेवायला गेला. फोन बंद झाला. आम्ही दोघी गार झालेला चहा तसाच प्यायलो. मग राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "नूर, खरं सांग. डोंगर कोण होतं?"

तिनं कनवटीची पुडी सोडून एक रेवडी तोंडात टाकली आणि भिंतीकडे पाहत ती चघळत राहिली. मग वाकून, मानेभोवती हात टाकून, मला ऐकू येतं त्या कानाशी तिनं ओठ आणले. तोच उष्ण श्वास, तोच तिळाचा वास.

"मी," ती म्हणाली.